निवडक मी

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी मला 'हेनपेक्ड' म्हटलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याबद्दल मी त्यांचे भर सभेत आभार मानले होते, हे या हकिकतीतलं पहिलं लाजिरवाणं सत्य.

पार्किंगच्या जागेवरून मतदान चाललं होतं. हात वर करण्याआधी मी सवयीने बायका बसल्या होत्या त्या बाजूला पाहिलं. तिसऱ्या खुर्चीवरून आमच्या हिने मान किंचित हलवली आणि माझा अर्धा वर गेलेला हात डोकं खाजवून खाली आला. खजिनदार म्हणाले, "आमचे साहेब म्हणजे एकदम हेनपेक्ड!" सभा हसली. मीही हसलो आणि "थँक यू, थँक यू" म्हणत चारी दिशांना हात जोडले.

यात माझा दोष थोडा आणि आंब्याच्या पेटीचा जास्त. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि बऱ्याच जणांचं तिथेच संपायचंही. पुढचं इंग्रजी मी दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टणं आणि क्रिकेटची कॉमेंट्री यांतून गोळा केलं. त्या वर्षी देवगड हापूसच्या पेटीवर एक शब्द होता. भाच्याने वाचून दाखवला, "हँडपिक्ड. म्हणजे मामा, एकेक फळ हाताने निवडून घेतलेलं." पंधरा दिवसांनी खजिनदारांच्या तोंडून 'हेनपेक्ड' ऐकलं, तेव्हा माझ्या कानाला ही एकाच आईची दोन लेकरं वाटली, एक शहरात वाढलेलं, एक आजोळी. हेनपेक्ड म्हणजे निवडक. पारखून घेतलेला. लाखात एक.

इतका चांगला शब्द हाती लागल्यावर तो वापरला नाही तर गंजतो. मी मंडईत हेनपेक्ड भेंडी मागितली. भाजीवालीने काही न बोलता कोवळी भेंडी दिली, त्यामुळे शब्दावरचा विश्वास वाढला. लेकीच्या साखरपुड्यात विहीणबाईंना मोठ्या प्रेमाने म्हणालो, "तुमचा मुलगा म्हणजे आम्हाला अगदी हेनपेक्ड जावई मिळाला." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, अजून लग्न व्हायचंय." मला वाटलं, शालीन बाई आहेत, मुलाचं कौतुक आवरतं घेतायत.

अशी अकरा वर्षं गेली. मग आमच्या सरांना बढती मिळाली.

निरोपसमारंभाला मुंबईहून मोठ्या मॅडम येणार होत्या. त्यांना मराठी येत नसल्यामुळे भाषणं इंग्रजीत करायचं ठरलं, आणि ते ठरताच ऑफिसमधले सगळे वक्ते घसा बसल्याची तक्रार करू लागले. माझा घसा ठणठणीत होता. शिवाय सरांना या जागेवर मॅडमनीच निवडून आणलं होतं, हे मला माहीत होतं. म्हणजे अख्खं भाषण ज्या एका शब्दावर उभं राहील तो शब्द माझ्याकडे तयार होता.

पहिल्या रांगेत दोन मॅडम बसल्या होत्या. एक सरांच्या वरिष्ठ, दुसऱ्या सरांच्या घरच्या. मी माईक हातात घेतला, दोनदा फुंकला आणि म्हणालो, "अवर सर इज नॉट ऑर्डिनरी मॅन. ही इज हेनपेक्ड!"

मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. मी थांबलो, त्यांचं होऊ दिलं, आणि पुढे गेलो. "मॅडम हॅज पर्सनली हेनपेक्ड हिम."

कुठल्या मॅडम, हे मी स्पष्ट केलं नव्हतं. दोन्ही मॅडमनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग सरांकडे. सर समोरच्या नारळाकडे पाहत होते. सभागृहात हसू पसरायला लागलं तसा मला हुरूप आला. सर आज जे काही आहेत ते हेनपेक्ड असल्यामुळेच आहेत, असं मी म्हणालो. सरांनी मलाही स्वतःच्या हाताने हेनपेक केलं, हे सांगताना माझा गळा दाटून आला. आपण सगळ्यांनी असंच हेनपेक्ड राहून संस्थेचं नाव उज्ज्वल करू या, असं आवाहन करून मी खाली बसलो. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. मोठ्या मॅडम रुमालाने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, हेलावल्या.

बाहेर चहाच्या टेबलाशी आमचा शिपाई जवळ आला. "साहेब, सात वेळा म्हणालात. मी मोजलं."

"कमी झालं का?"

त्याने खिशातून मोबाइल काढला, शब्दाचा अर्थ उघडून माझ्यासमोर धरला आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. कप पडणार हे त्याला आधीच कळलं होतं.

बायकोच्या सतत टोचणीखाली आणि धाकात राहणारा नवरा. कोंबडीने चोची मारमारून बेजार केलेला.

घरी आलो. दिवा न लावता बसलो. हिने कारण विचारलं, मी सांगितलं. आता ती चकित होईल, कपाळावर हात मारेल अशी माझी अपेक्षा. ती कढीपत्त्याची पानं काढत राहिली.

"तुला या शब्दाचा अर्थ माहीत होता?"

"हो."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून."

"मग अकरा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होतात," ती म्हणाली. "घरात एका माणसाला तरी स्वतःबद्दल बरं वाटत होतं. म्हटलं कशाला बिघडवा."

त्या रात्री मी ठरवलं, या शब्दाचा मुळापासून छडा लावायचा. आपण हेनपेक्ड नाही, हे सिद्ध करायचं. नाही जमलं, तर आपल्याबरोबर आणखी कोण कोण आहे, निदान त्याची यादी करायची.

यादी भारदस्त निघाली. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. म्हणजे इकडे शिवाजी महाराज गडकिल्ले घेत होते, त्याच सुमाराला तिकडे इंग्रज नवरे हा शब्द घडवत होते. १८१९ साली त्याला बरे दिवस आले. वॉशिंग्टन अर्व्हिंगने 'रिप व्हॅन विंकल' लिहिली. त्यातला रिप अख्ख्या गावाची कामं हसत करतो आणि घरचं शेत तेवढं ओसाड ठेवतो. बायको बोलते म्हणून बंदूक घेऊन डोंगरात जातो, कुणाची तरी दारू पितो आणि तब्बल वीस वर्षं झोपतो. उठून गावात येतो तो खानावळीच्या पाटीवर राजा तिसऱ्या जॉर्जच्या जागी जॉर्ज वॉशिंग्टन. मधल्या काळात अमेरिका स्वतंत्र झालेली. रिपला त्याचं फारसं काही वाटत नाही. बायको वारली हे कळल्यावर मात्र त्याला आपण स्वतंत्र झालो असं वाटतं. गोष्ट वाचून मी हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या वीस वर्षांत पोरांना कुणी वाढवलं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याच १८१९ मध्ये लॉर्ड बायरनच्या 'डॉन जुआन'चे पहिले दोन सर्ग आले. विदुषी बायकांच्या नवऱ्यांची टर उडवताना त्याने हा शब्द असा यमकात बसवला की तो आजतागायत निघालेला नाही. त्याची स्वतःची बायको गणितात हुशार होती. लग्न १८१५ च्या जानेवारीत झालं आणि पुढच्याच जानेवारीत ती महिन्याभराच्या लेकीला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. म्हणजे बायरनचा अनुभव फक्त एका वर्षाचा, आणि शब्द अजरामर! माझा अनुभव एकतीस वर्षांचा आहे, पण मला यमक जुळवता येत नाही.

आपल्याकडचे लोकही काही मागे नव्हते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाचं अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे, आणि तीत सगळ्या बाबतींत बायकोच्या ताब्यात गेलेला 'स्त्रीजित' नवराही आहे. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. रविवारी तुमचे चौघं मित्र येणार आहेत, त्यांना आधीच कळवा."

मग व्याकरणाकडे वळलो. हा शब्द बहुतेक वेळा नवऱ्याला लागतो, आणि लागतो तोही कर्मणीत. तो स्वतः काही करत नाही, त्याला केलं जातं. शाळेत आम्हाला नवीन कर्मणी प्रयोग शिकवताना गुरुजी उदाहरण द्यायचे, 'रावण रामाकडून मारला गेला.' त्याच चालीवर 'नवरा बायकोकडून टोचला गेला.' या वाक्यात तरी मी रावणाच्या जागी आहे, म्हणून थोडा ताठ बसलो. पण रावणाने निदान आधी काहीतरी केलं होतं.

मराठीत तर पर्यायांचा नुसता बाजार भरलाय. बायकोच्या मुठीतला, बायकोच्या कह्यातला, बाईलवेडा, नंदीबैल. हिंदीवाले 'जोरू का गुलाम' म्हणतात आणि त्या नावाचे एक सोडून दोन सिनेमे काढतात, १९७२ ला राजेश खन्नाचा आणि २००० ला गोविंदाचा. आपल्याकडे 'घरकोंबडा' हाही शब्द आहे, पण तो घर न सोडणाऱ्याला. त्याला कुणी टोचत असल्याचा उल्लेख नाही. सगळ्यांत आवडतं ते मात्र ताटाखालचं मांजर. इंग्रजांनी कोंबडीच्या चोचीखाली नवरा ठेवला, आपण ताटाखाली ठेवला. तुलना केल्यावर मला मराठी संस्कृती जास्त दयाळू वाटली.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि हिला दाखवलं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एकच विचारलं.

"आणि बाईने नवऱ्याचं सगळं ऐकलं, तर तिला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी शब्दकोश उघडला. कोंबड्याने टोचलेल्या कोंबडीला शब्द सापडेना. दुसरा उघडला. तिथेही नाही.

"मराठीत?" तिने विचारलं.

मराठीत शोधावं लागलं नाही. आमच्या आईने हिच्याबद्दल पहिल्याच वर्षी अख्ख्या भावकीत सांगितला होता तो शब्द. "गुणाची."

यावर काय बोलावं हे न सुचल्यामुळे मी विषय बदलून कोंबड्यांवर आणला. भाषेचं जाऊ दे, प्रत्यक्ष पक्षी काय करतो ते बघू. हिचं माहेर पाटणच्या बाजूला. मेहुण्याच्या परड्यात पंधरा-वीस गावरान कोंबड्या. दोन दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'कौटुंबिक'.

जाताना एका नॉर्वेजियन माणसाची माहिती सोबत नेली होती. थोर्लाइफ श्येल्देरुप-एब्बे हे त्याचं नाव. याला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड. कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी तो पोरवयापासून ठेवायचा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने जे मांडलं त्याला आज इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात. कळपात एक कोंबडी अशी असते की ती सगळ्यांना टोचते, तिला कुणी टोचत नाही. दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना. तिसरी पहिल्या दोघींना सोडून. असं करत करत शेवटची, जिला सगळ्या टोचतात आणि जिला टोचायला कुणी उरत नाही. एकदा हा क्रम ठरला की रोज मारामारी करावी लागत नाही. वरचीने मान उचलून नुसतं पाहिलं, की खालची दाण्यावरून बाजूला होते.

हे वाचताना मला घर आठवायला हवं होतं. आठवलं ऑफिस. मुंबईच्या मॅडम सरांना, सर मला, मी शिपायाला. आणि चष्म्याच्या वरून ते नुसतं पाहणं! सरांनी एकोणीस वर्षं माझ्या फायलींवर चोच मारली, पण त्याबद्दल मला कुणी कधी काही म्हटलं नाही. उलट 'सरांच्या मर्जीतला' म्हणत. शिपाई तेवढा शेवटचा, त्याला टोचायला कुणी नव्हतं. आता कळलं, तो माझा चहा गार करून का आणायचा.

परड्यात खुर्ची टाकून मी वही उघडली. मेहुणा म्हणाला, "दाजी, काय लिवताय?"

"कोंबडी कोंबड्याला टोचते का, ते बघतोय."

त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याला खुणेने गप्प केलं. खुणेनेच. मी ते वहीत लिहिलं.

दोन तासांत मी तेवीस टोचा मोजल्या. सगळ्या कोंबडीने कोंबडीला मारलेल्या. एक काळी थोराड कोंबडी मुख्य, एक बिचारी तलंग शेवटची. मानेवरची पिसं गेलेली, दाण्याजवळ आली की हाकललेली. कोंबड्याच्या वाटेला कुणीही गेलं नाही. लालभडक तुरा, शेपटीची कमान, तो आपला ऐटीत फिरत होता. म्हणजे साडेतीनशे वर्षं इंग्रजांनी ज्या पक्ष्याच्या नावाने नवऱ्यांची कीव केली, तो पक्षी त्या भानगडीत नव्हताच! मी आनंदाने ओरडलो, "शब्दच चुकीचा आहे!"

"जरा पुढं बघा की," मेहुण्याची बायको सूप पाखडता पाखडता म्हणाली.

कोंबड्याला उकिरड्यात काहीतरी सापडलं होतं. त्याने ते खाल्लं नाही. चोचीत उचललं, खाली टाकलं, पुन्हा उचललं आणि घशातून कुक-कुक-कुक असा भराभर आवाज काढला. कोंबड्या धावत आल्या. काळी पुढे. तिने तो किडा गिळला आणि कोंबडा दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, जणू फार मोठं काम केलं. असं त्याने चारदा केलं. कुणी टोचलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं.

"बघा," ही म्हणाली. "तो निदान किडा शोधतो तरी."

त्यावर मी गप्प बसलो, कारण एकतीस वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढून गेला. गॅसचा नंबर कुणी लावला, लेकीच्या प्रवेशासाठी रांगेत कोण उभं राहिलं, घराच्या कर्जाचं मॅनेजरशी कोण बोललं, माझ्या आईच्या आजारपणात रात्री दोनला डॉक्टरांना फोन कुणी केला. प्रत्येक वेळी मी 'तू म्हणशील तसं' म्हणालो होतो. लोकांना ते आज्ञाधारकपण वाटलं आणि मी ते वाटू दिलं. निर्णय चुकला तर तिचा, बरोबर निघाला तर 'आमचा'. ताटाखालच्या मांजराला तिथे कुणी बांधून ठेवलेलं नसतं. मासा तिथेच पडतो, म्हणून ते बसलेलं असतं.

हा विचार मला झेपेना, म्हणून मी उठलो आणि संशोधन पुढे चालू केलं. कोपऱ्यात डालग्याशेजारी एक कोंबडी फुलून बसली होती.

"दाजी, तिच्याजवळ जाऊ नका," मेहुण्याची बायको म्हणाली. "खुडूक हाय ती. अंड्यांवर बसलीया."

"मी फक्त अंडी मोजतो."

"अहो, नको म्हणतायत ना," ही म्हणाली.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिचं ऐकायचं नाही असं ठरवलं. मी हेनपेक्ड नव्हतो, याचा लेखी पुरावा माझ्या वहीत होता. मी वाकलो आणि उजवा हात कोंबडीच्या पोटाखाली घातला.

तिने आवाजसुद्धा केला नाही. आधी अंगठ्याच्या बेचक्यात, मग मनगटावर, आणि हात मागे घेताना पुन्हा एकदा, आठवण म्हणून. चोच एवढीशी, पण कातडी धरून पिळते. मी मागे सरकलो तो पाण्याच्या घमेल्यात बसलो. कोंबडा दूरवरून पाहत होता. त्याच्या नजरेत मला ओळखीचं काही दिसलं नाही.

गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तयारी केली आणि केस पेपर पुढे ओढून विचारलं, "कशानं झालं?"

"कोंबडीने चोच मारली," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणालो.

"तुम्ही काही केलं होतं तिला?"

"मी फक्त मोजत होतो."

डॉक्टरांनी मान हलवली आणि इंग्रजीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. अक्षर डॉक्टरांचं असूनही स्वच्छ होतं. 'हेन पेक, राइट हँड.' खाली तारीख, सही, शिक्का.

कागद घ्यायला मी हात पुढे केला, पण त्या हाताला पट्टी होती. हिने घेतला. वाचला. दोनदा वाचला. मग नीट चौघडी घालून पर्समध्ये ठेवला. पुण्याला आल्यावर कपाटातली निळी फाईल काढली. त्यात आमच्या लग्नाचा दाखला, एलआयसीच्या पॉलिसी आणि घराची कागदपत्रं असतात. लग्नाच्या दाखल्याच्या मागच्या कप्प्यात तिने तो कागद सरकवला.

"इथे कशाला?" मी विचारलं.

"पेशंटसोबत कोण, असंही विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "खाली नातेवाईक म्हणून माझं नाव लिहिलंय. दोन्ही कागद एकत्रच असलेले बरे."